हिरावैनींची वरची न्हाणी

या अंकाच्या संपादकबाई आमच्या सुनेच्या मैत्रीण. त्या एकदा घरी आल्या आणि म्हणाल्या, "मामा, तुमच्या कामाच्या आठवणी लिहा की आमच्यासाठी." मी हसलोच. म्हटलं, "बाई, मी जन्मभर लोकांच्या न्हाण्या आणि संडास बांधले. दिवाळीत चकलीची बशी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला हे वाचायला देणार?" तर त्या म्हणाल्या, "चकली खाऊन शेवटी माणूस जातो कुठं?" असल्या बाईपुढं काय बोलायचं? मी सांगतोय, सून टाइप करतेय. मध्येमध्ये ती माझे शब्द सुधारते, तेवढं सोडलं तर सगळं माझं आहे.

माझं नाव ज्ञानोबा. पण पौड रस्त्यावर त्या नावानं विचारलंत तर कुणी पत्ता सांगणार नाही. 'न्हाणीवाले मिस्त्री' म्हणा, माणूस दारापर्यंत आणून सोडेल. कुठल्या वर्षी काय केलं ते सांगत बसत नाही, मला ते आठवतही नाही. भुकूमपासून ताम्हिणीपर्यंत कुठल्या घराची न्हाणी कशी आहे, एवढं मात्र अजून डोक्यात आहे. लोकांची तोंडं विसरतो, उतार विसरत नाही.

लोकांना वाटतं न्हाणी म्हणजे फरशी. दुकानात जातात, चार तास घालवून रंग निवडतात, नवराबायकोची भांडणं होतात. खरं काम सगळं फरशीच्या खाली. न्हाणीच्या जागी स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्याला केमिकल घातलेल्या सिमेंटचा गिलावा करायचा. भिंत आणि तळ भेटतात तिथं काटकोन ठेवायचा नाही, गोलाई काढायची. त्या गोलाईला आम्ही वाटा म्हणतो. मग तोच गिलावा भिंतीवर वीतभर चढवायचा. थोडक्यात काय, सिमेंटची एक परात करायची. तिच्यात नळ्या, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि सगळ्यात शेवटी तुमची ती चार तास निवडलेली फरशी. फरशीच्या सांध्यांतून थोडंफार पाणी झिरपतंच, ते कुणाच्या बापाला चुकत नाही. पण परात शाबूत असली तर खालच्याला त्याचा पत्ता लागत नाही.

परात झाली की तिच्यात पाणी भरून तीन दिवस ठेवायचं. पाण्याच्या काठाला पेन्सिलीची रेघ मारायची आणि रोज खाली जाऊन छताला हात लावून बघायचा. ते तीन दिवस मालक नुसता येरझाऱ्या घालत असतो. "मिस्त्री, बास की आता, काय म्हशी पोहायला सोडायच्यात का?" असं मला एकानं विचारलं होतं. मी कुणाचं ऐकलं नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता, आणि तो कुठं नडला ते पुढं येईलच.

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. ताम्हिणीला एक धाबेवाला आहे. पहिल्यांदा त्याचा फोन आला तो ऐन श्रावणात. "मिस्त्री, न्हाणी लई गळतीया." गेलो. बघतो तर न्हाणी गळतेय, भटारखाना गळतोय, दारं फुगलेली, भिंतीवरचं कॅलेंडर भिजून खाली आलेलं. म्हटलं, "शेठ, यातलं न्हाणीचं कुठलं आणि वरच्याचं कुठलं, मी कसं ओळखू? आधी पाऊस थांबू दे." तो म्हणाला, "मंग दिवाळीला या." दिवाळीला गेलो, तर सगळं खडखडीत कोरडं. शेठ खाटेवर आडवा. "आता कशाला आलाय? आता कुटं गळतंय?" तेव्हापासून तो दर पावसाळ्यात मला बोलावतो आणि दर दिवाळीला परत पाठवतो. न्हाणी अजून तशीच आहे. भजी मात्र प्रत्येक वेळी खाऊ घालतो.

दुसरे मुळशीला धरणाकाठच्या बंगल्यातले एक निवृत्त साहेब. त्यांना काचेची शॉवररूम पाहिजे होती. फरशी बसली तसे ते खिशातून काचेची गोटी काढून उकिडवे बसले. कुठल्याही कोपऱ्यातून गोटी सोडली तरी ती जाळीपाशी पोचली पाहिजे, अशी त्यांची अट. पहिल्यांदा गोटी मध्येच थांबली. "मिस्त्री, उतार चुकला." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आंघोळ पाण्यानं करणार का गोट्यांनी?" ते हसले नाहीत. तो कोपरा उखडून पुन्हा केला. गोटी परत अडली, परत केला. तिसऱ्यांदा मात्र सुटली ती सरळ पळत गेली आणि जाळी बसवायची राहिली होती म्हणून थेट नळीत. ती काढायला मला अर्धा दिवस लागला. साहेब शेजारी टॉर्च धरून उभे होते आणि तेव्हा मात्र पोट धरून हसत होते.

पण आज खरी सांगायची आहे ती हिरावैनींच्या वरच्या न्हाणीची गोष्ट. ही मी आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही, घरातसुद्धा. सून आत्ताच टाइप करायची थांबून माझ्याकडं बघायला लागली आहे.

हिरावैनी भुकूमच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांचे मालक आणि मी जिवाभावाचे दोस्त, म्हणून त्या माझ्या वैनी. मालक गेले आणि घराचा सगळा कारभार वैनींवर आला. त्यांचा मुलगा संतोष, त्याच्या लग्नाच्या वेळी, मालक असतानाच, घरावर दुसरा मजला चढवला. तो मजला मी बांधला, न्हाणीसकट. संतोष थोडे दिवस राहिला आणि ऑफिस जवळ पडावं म्हणून हिंजवडीकडं फ्लॅट घेऊन गेला. वरचा मजला बरीच वर्षं बंदच होता. मग भाडेकरू आले, प्रमोद आणि मेघा. लातूरकडची पोरं, दोघंही कंपनीत कामाला. बोलायला गोड, येताजाता वैनींना "आई, काही आणायचंय का?" म्हणून विचारणारी.

ती राहायला आल्याला वर्ष झालं असेल. संक्रांतीच्या आधी वैनींचा फोन आला. "मिस्त्री, आत्ताच्या आत्ता या. माझ्या बियान्यावर पानी गळतंय."

खालच्या मजल्यावर धान्याची खोली आहे. तिथं पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेलं इंद्रायणी भात पोत्यांत भरलेलं होतं. वरच्या पोत्याचं तोंड वैनींनी उघडलं तर आत हिरवे मोड. जानेवारीत पेरणी होऊन बसलेली! वैनींनी मोड आलेली मूठ माझ्या नाकापुढं धरली. "ह्ये काय हाय? तुमीच बांदलीया न्हवं ती न्हानी?"

मला ते लागलं. मी म्हटलं, "वैनी, तीन दिवस पाणी भरून तपासलेली न्हाणी आहे ती. तुमच्या मालकांनी स्वतः छताला हात लावून बघितलं होतं."

वर गेलो. मेघाला सातवा महिना होता. तिनं पदरानं खुर्ची पुसून मला बसायला दिली. न्हाणीत बघितलं, तर फरशीचे सांधे खाल्लेले आणि कोपऱ्यात अ‍ॅसिडची बाटली. तिकडं सगळं बोअरचं पाणी, क्षारानं फरशी पांढरी पडते. ही पोरगी दर रविवारी अ‍ॅसिड ओतून घासत होती. झालं, मला चोर सापडला.

तरी रीत म्हणून मी बादलीभर पाण्यात नीळ कालवून न्हाणीत ओतली. दुसऱ्या दिवशी खालच्या छताला निळा डाग आला. आता ऐका. तो डाग न्हाणीच्या मधोमध नव्हता. तो न्हाणी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीखाली, एका कोपऱ्यात होता. मला तो दिसला होता. पण मला उत्तर आधीच मिळालेलं होतं, म्हणून मी डागाला विचारलंच नाही की बाबा, तू इथं कसा.

अंगणात उभं राहून मी वैनींना सांगितलं, "न्हाणी माझी पक्की आहे. वरच्यांनी अ‍ॅसिडनं सांधे खाल्ले." आवाज जरा मोठाच होता. वर गॅलरीत मेघा कपडे वाळत घालत होती, तिनं ऐकलं. प्रमोद खाली आला. तो म्हणाला, "काका, सांध्यातून पाणी आत जातं हे मान्य. पण तुम्हीच म्हणता ना की खाली वॉटरप्रूफिंग आहे. मग ते खाली येतं कसं?"

अगदी नेमका प्रश्न होता. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात गिऱ्हाइकानं विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न. मी काय उत्तर दिलं असेल? "साहेब, तुम्ही कॉम्प्युटरचं बघा, न्हाणीचं मी बघतो."

वैनींनी त्याच दिवशी त्यांना महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. तशा त्या खाष्ट नाहीत, पण घरातलं बियाणं कुजलं म्हणजे त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. आणि मिस्त्रीचा शब्द होता. पोरगी सातव्या महिन्याची, डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला मनाई केलेली, म्हणजे माहेरीही जाता येईना. बाळंतपणाला तिची आईच लातूरहून इकडं यायची होती. असल्या अवस्थेत नवी जागा शोधायची. प्रमोद रोज ऑफिसातून आला की मोटारसायकलवर भूगावपर्यंत खोल्या बघत हिंडायचा. घरात बाळंतीण असणार म्हटलं की लोक दार लावून घ्यायचे.

मी तोवर न्हाणी फोडायला घेतली. आता परत करायचीच तर जुनी मोरी नको, नवी काचेची शॉवररूम कर, असं संतोषनं फोनवर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बिगारी राडारोडा खाली टाकायला गेला होता, मी एकटाच आत होतो. फरशी निघाली, कोबा फोडला, खालची भर चिंब ओली. परातीचा तळ तपासला, तर टाचेनं ठोकला तरी ढिम्म. तीन बाजूंचे काठ धड. चौथी बाजू स्वयंपाकघराच्या भिंतीची. तिथली भर काढली आणि बघतच राहिलो. परातीचा काठ वीतभर रुंद फोडलेला होता. झिजलेला नाही, तडकलेला नाही. छिन्नीचे घाव स्पष्ट दिसत होते. त्या खाचेत वेगळ्याच सिमेंटचा गोळा. तो फोडला, तर आतून हिरवी पडलेली तांब्याची डबी बाहेर आली.

डबी हातात घेतली आणि मला संतोषची वास्तुशांत आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्या घराची वास्तुशांत करतात तेव्हा गुरुजी वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा डबीत घालून आग्नेय कोपऱ्यात पुरायला लावतात. खड्डा खणायचा मान गवंड्याचा. त्याबद्दल टॉवेल, टोपी आणि नारळ मिळतो. जमिनीवरच्या घरात काही अडचण नाही, खणा गुडघाभर. पण वरच्या मजल्यावर फरशी काढली की चार बोटांवर स्लॅब लागतो. संतोषच्या वास्तुशांतीला गुरुजी म्हणाले, "निदान वीतभर तरी पाहिजे हो." पाहुणे जमलेले, होम पेटलेला. आग्नेय कोपरा स्वयंपाकघरात आणि भिंतीपलीकडं न्हाणी. मी डोकं चालवलं. भिंतीची तळाची वीट काढली आणि छिन्नी तिरकी पलीकडं घातली. पलीकडं न्हाणीचा फूटभर खड्डा, खोली हवी तेवढी! वीत काय, दीड वीत दिली. गुरुजी खूश, वैनींचे मालक खूश, मला टॉवेल-टोपी. जेवणात जिलेबी होती हेसुद्धा आठवलं. फक्त आपण आपल्याच हातानं परातीचा काठ फोडतोय, हे त्या गडबडीत डोक्यात आलं नाही. तीन दिवसांची परीक्षा तर त्याआधीच झाली होती. नंतर कोण पुन्हा पाणी भरून बघणार? मजला बरीच वर्षं बंद होता म्हणून झाकून राहिलं. रोजच्या आंघोळी सुरू झाल्या आणि पाण्याला माझी वाट सापडली.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर तिथंच न्हाणीत उकिडवा बसलेला.

मी साधू नाही, खरं ते सांगतो. पहिला विचार हाच आला की डबी खिशात घालावी, काठ बुजवावा आणि तोंड बंद ठेवावं. कुणाला कळणार होतं? बिगाऱ्याला काय समजतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस वर्षांचं नाव आहे, भुकूमपासून ताम्हिणीपर्यंत. ही पोरं आज ना उद्या जाणारच आहेत, भाडेकरूच ती. असं मनाशी बोलत मी डबी खिशात घातलीसुद्धा.

तेवढ्यात मेघा चहा घेऊन दारात आली. मीच तिच्यावर आळ घेतलेला, तरी चहा. उघडलेल्या न्हाणीकडं बघत ती म्हणाली, "काका, माझ्यामुळं लई नुकसान झालं ना आईंचं? मला खरंच माहीत नव्हतं अ‍ॅसिडचं. खाली गळायलंय कळलं, तसा मी शॉवर बंदच केला. तीन आठवडे झाले, अर्ध्या बादलीतच आंघोळ करायले. केस धुवायला मैत्रिणीकडं जाते. तरी थांबलं नाही ओ."

पोटुशी पोर, तीन आठवडे अर्ध्या बादलीत. माझ्या घरातल्या पोरीला असं कुणी वागवलं असतं तर मी दारात जाऊन भांडलो असतो. तिच्या हातातून चहाचा कप घेतला. मी तो खिडकीत ठेवला, खिशातली डबी काढली आणि म्हटलं, "बाळ, तुझ्यामुळं काही झालेलं नाही. हे माझं काम आहे. थांब, मला खाली जाऊन सांगायचंय."

ती काही समजली नाही. मी तिला तिथंच बसवलं आणि एकटाच खाली गेलो. तेवढा जिना मला कधी इतका लांब वाटला नाही.

वैनी अंगणात चिंचा फोडत होत्या. मी डबी त्यांच्यापुढं ठेवली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. तिरकी छिन्नीसुद्धा. त्यांनी डबी उचलून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या वास्तुपुरुषाला तुमी मोरीत बसिवला?"

"हो," मी म्हटलं.

"आन पाय चालत हुते तवर मी वर हळद-कुंकू वाहिलं, निवद दावला, ते मोरीला?"

"वैनी..."

"गप बसा. द्येवाचं मी द्येवाशी बगीन. पन त्या पोरीचं काय, मिस्त्री? पोटातलं लेकरू घिऊन ती दारोदार जागा हुडकतीया. म्या तिला घालवली, तुमच्या सबदावर. तुमी मला पापात पाडलं."

चाळीस वर्षांत मला खूप शिव्या बसल्या. एवढी खोल कुठलीच गेली नाही. मी म्हटलं, "वैनी, माझं काम इथं संपलं. तुम्ही दुसरा चांगला मिस्त्री बघा. मी तोंड दाखवणार नाही."

त्यावर त्या जे बोलल्या त्यासाठी मी आजही मनातून त्यांना हात जोडतो. हातातली चिंच परातीत टाकून त्या म्हणाल्या, "दुसरा कशापायी? तुमची चूक आता तुमाला ठावं हाय. दुसरा आला तर त्यो नव्यानं चुकंल. तुमीच करा. आन नीट करा."

मग त्या उठल्या. गुडघ्यानं बेजार बाई, जिना चढायचं केव्हाच सोडलेलं. आत जाऊन तिळगुळाचा डबा घेतला, ओटीचं सामान घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर गेल्या. रथसप्तमी अजून व्हायची होती, म्हणजे तिळगुळाची वेळ टळलेली नव्हती. यंदा वरच्या घरी तो दिलाच नव्हता. वर काय झालं ते मी दारातून बघितलं. वैनींनी मेघाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली, तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. कुटं जायचं न्हाई. बाळातपन हितंच व्हईल." मेघा रडायला लागली, वैनी रडायला लागल्या. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. मला कुणी रड म्हटलं नव्हतं, पण ते काय विचारून येतं होय.

प्रमोदला मी संध्याकाळी फाटकातच गाठून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, "ठीक आहे काका" म्हणाला आणि वर निघून गेला. पुढं महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं. बायकोसाठी दहा दारांत उभा राहिलेला माणूस एका सॉरीत कसा विसरेल?

न्हाणी मी नव्यानं बांधली. तेवढे दिवस दोघंही खाली वैनींच्या न्हाणीत आंघोळ करायची. वैनी चुलीवर पाणी तापवून द्यायच्या आणि वर मला हाक मारून म्हणायच्या, "मिस्त्री, सावकास! घाई न्हाई!" मी परात केली, वाटा फिरवला, काठ नेहमीपेक्षा दुप्पट चढवला आणि पाणी भरलं. तीनऐवजी सात दिवस ठेवलं. रोज सकाळी चहाआधी जाऊन धान्याच्या खोलीतलं छत चाचपायचो. वास्तुपुरुषाला गुरुजींना विचारून खाली अंगणाच्या आग्नेयेला, खऱ्या मातीत गुडघाभर खड्डा घेऊन ठेवलं. या वेळी टॉवेल-टोपी मी घेतली नाही.

फरशी बसवायच्या आधी मेघाची आई लातूरहून आली. आल्या आल्या न्हाणीत डोकावली. काच कुठं येणार, कमोड कुठं येणार हे मी दाखवलं, तर बाई म्हणाली, "ते समदं ठीक हाय. पण मी लेकराला पायावर घेऊन न्हाऊ कसं घालू? पाय लांब करायला जागाच नाही की." खरंच होतं. चाळीस वर्षं न्हाण्या बांधल्या, पण न्हाऊ घालणारी बाई कशी बसते ते मी कधी मोजलं नव्हतं. मी त्यांना कोरड्या कोब्यावर बसवलं, पाठ भिंतीला टेकवून, पाय लांब. बाजूला बादली, पलीकडं हंडा. सगळ्याभोवती खडूनं रेघ मारली. म्हटलं, "आता ही रेघ पहिली, बाकी सगळं हिच्याबाहेर." संतोषला फोन करून सांगितलं की काच दोन हात सरकणार. तो म्हणाला, "मामा, फोटोत छान दिसली पाहिजे." म्हटलं, "फोटोला नंतर आंघोळ घालू."

फाल्गुनात मेघाला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वैनींचा फोन आला. "मिस्त्री, आज लेकराची घरातली पयली आंगूळ हाय. या."

मला वाटलं, बाळ बघायला बोलावलं. झबलं घेऊन गेलो. तर वैनी मला धरून धान्याच्या खोलीत घेऊन गेल्या, एक रिकामं पोतं अंथरलं आणि म्हणाल्या, "बसा. वर बगा."

बसलो. वैनी शेजारी. वर पाट सरकवल्याचा आवाज आला. मग तांब्याचं पाणी पडायला लागलं, एक, दोन, तीन. आणि पोरगी अशी कोकलायला लागली की बास! वरून मेघाच्या आईचं "झालं गं माझी बाय, झालं" ऐकू येत होतं. पाणी पडतंय, पडतंय, हंडा संपत आला तरी पडतंय. मी छताच्या त्या कोपऱ्यावरून नजर काढली नाही. वैनींनीही काढली नाही. वर आंघोळ संपली, बाळ गप्प झालं, तरी आम्ही दोघं बसूनच होतो. वैनींनी मग काठीला जुनं लुगडं गुंडाळलं आणि कोपऱ्यात दाबून धरलं. खाली घेऊन गालाला लावलं. "कोरडं हाय," म्हणाल्या.

वर गेलो. धुरीचा वास, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. दार प्रमोदनं उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं सरळ माझ्याकडं बघून "या काका, बसा" म्हटलं. मी झबलं दिलं आणि दाराशीच बसलो. तर त्यानंच बाळाला उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

मी हात मागं घेतले. सिमेंटनं खरवडलेले हात, बोटांना भेगा. म्हटलं, "नको साहेब, टोचेल तिला."

"काही टोचत नाही," तो म्हणाला. "धरा."